पाहुण्यांचं पाणी

भूमिका पटले हसताना तोंडावर हात ठेवते. हात कधी वर जातो ते तिचं तिलाही कळत नाही. गोंदियातल्या ऑफिसात नव्यानं आलेल्याला वाटतं, बाई लाजाळू आहे. लाजाळू ती अजिबात नाही. तिच्या वरच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, भिंतीवर ओल चढत जावी तसे, आणि ते कशानंही निघत नाहीत. तिच्या गावात, हिरडीटोल्यात, तिच्या वयाच्या बहुतेकांचे दात तसेच आहेत. लहानपणी तिला वाटायचं की दात असेच असतात, पांढरे दात फक्त टीव्हीतल्या माणसांना येतात. पुढं ती सालेकशाच्या शाळेत जायला लागली, तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "तू तंबाखूचा खर्रा खातेस का वं?"

हात तोंडावर जायला लागला तो तेव्हापासून.

हिरडीटोला सालेकशाच्या पुढं, जंगलाला टेकून आहे. तिथं रेल्वे ऐकू येते, दिसत नाही. गावाच्या मधोमध बोरिंग आहे, हातानं हापसायचं. उन्हाळ्यात विहिरी आटायच्या म्हणून भूमिकाच्या जन्माआधी ते खोदलं गेलं आणि त्याला पाणी लागलं तेव्हा गावानं नारळ फोडले होते. पाणी बारमाही, पण लालसर. भांडं ठेवलं की तळाशी गंज बसतो, भातालाही तांबूस रंग येतो. बायकांची तक्रार त्या लालीची. पुढं कधीतरी शाळेत दातांचं शिबिर झालं आणि तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पाण्यात फ्लोराइड आहे, त्याला रंग नाही, चव नाही, आणि ते आधी दातांत आणि मग हाडांत जातं. बाई निघून गेल्या. गाव बोरिंगचंच पाणी पीत राहिलं, कारण दुसरं होतं कुठं?

दुसरं तसं होतं, पण थोडं. गावापासून लांब, नाल्यापलीकडं मोहाच्या झाडांखाली एक झिरा आहे. वाटीनं भरावं लागेल इतकं बारीक पाणी, पण काचेसारखं आणि गोड. भूमिकाची आई सुशिलाबाई रोज सकाळी तिथून एक गुंडी, म्हणजे लहान घागर, भरून आणते. एकच, कारण त्याहून जास्त गुडघे नेऊ देत नाहीत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती गुंडी पितळी झाकण घालून ठेवलेली असते. त्यातलं पाणी देवाला आणि पाहुण्याला. घरातल्या पोरांनी हात लावला तर पाठीत धपाटा. भूमिकानं तो खाल्ला आहे, तिच्या भावानं, कैलाशनंही खाल्ला आहे.

ती लग्नाची झाली तेव्हा आमगावकडची मंडळी बघायला आली. उन्हातून आलेली. सुशिलाबाईनं लोटे भरून दिले. मुलाच्या काकानं दोनदा मागून घेतलं आणि म्हणाला, "पाणी लय गोड हाये तुमच्या गावचं." घरादाराला बरं वाटलं. मग भूमिकाला बोलावलं. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. बापासमोर, पाहुण्यांसमोर तोंडावर हात धरून बोलायचं कसं? ती हात मांडीवर ठेवून बोलली. त्या घरून पुन्हा कुणी आलं नाही. नंतर आणखी काही मंडळी आली, पाणी पिऊन गेली. शेवटी तिच्या वडिलांनी, दुलीचंद पटल्यांनी, पाहुणे बोलावणंच बंद केलं आणि पोरीला म्हणाले, "तू शिक, बाई."

ती शिकली. गोंदियात भूगोलात एमए केलं, नागपुरात संगणकावर नकाशे करायचा कोर्स केला, आणि गोंदियातल्याच एका खासगी एजन्सीत कंत्राटी नोकरीला लागली. ही एजन्सी सरकारी कामांचे नकाशे करून देते. तिथले प्रमुख दुर्गाप्रसाद सर. गोंदियात जन्म गेलेला माणूस, अर्धं हिंदीत बोलणार, अर्धं मराठीत, आणि समजावून सांगायला कधी न कंटाळणारा. भूमिकाला पहिल्या महिन्यात त्यांनी जे सांगितलं ते ती विसरली नाही.

"देखो भूमिका, जिल्हाभर आपण पाणी तपासतो काही ठिकाणी. सगळीकडं माणूस कुठून पाठवणार? पण नकाशा तर सगळा रंगवायचा आहे. मग मधल्या गावांचं काय?"

"अंदाज, सर."

"अंदाज, लेकिन कसा? समज, तुझ्या घरची मुलगी द्यायची आहे. पोराच्या घरी तर आपण कधी गेलो नाही. मग काय करतो? शेजारीपाजारी चौकशी. बाजूच्या घरवाल्याचं जास्त मनावर घ्यायचं, चार गल्ल्या सोडून राहणाऱ्याचं कमी. सगळ्यांचं ऐकून एक मत बनवायचं. याला म्हणतात अंतर्वेशन. बाकी सब गणित."

"आणि शेजारी खोटं बोलला तर?"

सर हसले. "तो शादी गलत हो जाती है."

भूमिकाही हसली, तोंडावर हात ठेवून.

हे काम तिला आवडलं. पडद्यावर आधी नुसते ठिपके असायचे, कोऱ्या कागदावर तीळ सांडावेत तसे. मग ती पद्धत निवडायची, आणि ठिपक्याठिपक्यातून रंग वाहायला लागायचा. एका ठिपक्याचा लाल दुसऱ्याच्या हिरव्याला भेटायचा, मधे पिवळा व्हायचा. धानाच्या बांधीत पाणी सोडल्यावर ते जसं कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं, तसं. एक पद्धत नुसतं अंतर बघायची. दुसरी, क्रिगिंग म्हणतात ती, आधी हे तपासायची की या मुलखात शेजाऱ्यांचं एकमेकांशी साम्य कुठवर टिकतं, आणि मगच कुणाचं किती ऐकायचं ते ठरवायची. कधीच कुणी न गेलेल्या गावालाही रंग मिळायचा. त्यात तिला एक प्रकारची माया वाटायची.

फ्लोराइडच्या नकाशाचं काम आलं तेव्हा तिनं ते मागून घेतलं. या नकाशावरून ठरणार होतं की पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि नदीच्या पाण्याची नळयोजना आधी कुठल्या गावांना द्यायची. लाल रंगाच्या गावांना पहिल्या टप्प्यात. बाकीच्यांचं पुढं बघू, म्हणजे काय ते गोंदिया जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही.

भूमिकाच्या डोळ्यांसमोर गाव नव्हतंच खरं तर. होती ती रुची, कैलाशची पोर. दुधाचे दात पडून नवे येत होते आणि ते येतानाच पिवळे येत होते. पण दातांचं सोडा. रुचीचे पाय गुडघ्यांपासून बाहेर वाकायला लागले होते. ती चालायची तेव्हा दोन्ही बाजूंना झुलायची, आणि गावातली पोरं तिला बदक म्हणायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वय लहान आहे, पाणी आत्ता बदललं तर पाय पुष्कळ सुधारतील. नंतर नाही. कैलाशनं काही दिवस सायकलवर सालेकशाहून पाण्याची कॅन आणली. धानाची रोवणी सुरू झाली आणि ते थांबलं.

म्हणून तिनं आकडे भरले आणि पद्धत चालवली तेव्हा आधी आपला कोपरा मोठा करून पाहिला. जंगलाच्या कडेनं सगळी पट्टी लाल होती. आणि त्या लालाच्या बरोबर मध्ये एक गोल हिरवा डाग होता. डोळ्यासारखा. कडेनं पिवळी पापणी. बुबुळाच्या जागी हिरडीटोला.

तिला आधी वाटलं आपलीच आकडा भरताना चूक झाली. प्रयोगशाळेचा कागद पुन्हा पाहिला. आकडा तोच. हिरडीटोला, बोरिंग, फ्लोराइड मर्यादेच्या आत. पाणी पिण्यास योग्य.

तिची जीभ आपोआप दातांवरून फिरली.

असं काही दिसलं की करायची एक तपासणी असते. एकेक ठिपका झाकायचा आणि त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचं, इथं किती असेल? मग झाकलेला आकडा उघडायचा आणि दोन्हींत फरक किती ते बघायचं. बाकी सगळीकडं थोडाफार फरक आला. हिरडीटोल्याचे शेजारी मात्र एका तोंडानं म्हणत होते, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. दोन्ही पद्धतींनी.

ती सरांकडं गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावरचा डोळा बराच वेळ पाहिला. "अजीब है. पण जमिनीखाली कधी कधी असतं असं. एखादा वेगळा दगड, वेगळा झरा."

"सर, ते माझं गाव आहे. त्याच बोरिंगचं पाणी पिऊन मी मोठी झाले." आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर मुद्दाम ओठ वर करून दात दाखवले.

सरांनी नजर खाली केली. मग म्हणाले, "मुन्नालालला विचार. नमुना त्यानं आणलाय."

मुन्नालाल नमुने गोळा करणारा माणूस. मोटरसायकलला दोन्हीकडं पिशव्या, पिशव्यांत बाटल्या. तो नियमानं चालला असता तर आधी बोरिंग बराच वेळ हापसून पाणी वाहू देऊन मग बाटली भरली असती. भूमिकानं विचारलं तेव्हा तो ऑफिसाबाहेरच्या टपरीवर चहा पीत होता.

"हिरडीटोला? अरे, वो तो एक नंबर गाव, मॅडम! पाटावर बसवलं मला. चहा देला, पोहे देले. आणि एक मावशी, काय माया बाई! म्हणे, बस बेटा, तू कायले हापसतं उन्हात, आण इकडं बाटली. भरूनच आणून देली. पाणी काय होतं! मी स्वतः दोन लोटे प्यालो."

"आणि जागेची नोंद?"

"ती बोरिंगजवळच घेतली की. तेवढा इमानदार हाव मी." मग भूमिकाचा चेहरा बघून त्याचा पेला हातातच राहिला. "का झालं? माझं नाव नका घेऊ हं, मॅडम. पोटावर पाय येते."

त्या शनिवारी ती गाडीनं सालेकशाला उतरली आणि घरी गेली. सुशिलाबाई अंगणात वाळलेली मोहफुलं निवडत होती. रुची तिच्या पाठीला पाठ लावून बसली होती, पाय समोर पसरून, दोन पायांच्या कमानीतून कोंबडीचं पिल्लू जाऊ देत.

"माय, तो बाटल्यावाला आलता तर बाटली तूनं भरली का?"

"मीनंच. काऊन?"

"कोठलं पाणी भरलं?"

"गुंडीतलं."

"त्याले बोरिंगचं पाहिजे होतं, माय."

सुशिलाबाईनं फुलांवरून मान वर केली. "बोरिंगचं कसं देऊ वं? दूरून आलता बिचारा. घामानं भिजून. मावशी, पाणी पाहिजे म्हणे, बाटलीत. आता ते लाल पाणी बाटलीत भरून पाहुण्याच्या हातात देऊ? गावाची का इज्जत राहील?"

"तो प्यासाठी मागत नव्हता. तपासाले मागत होता."

"मले का मालूम." ती पुन्हा निवडायला लागली. मग फुलांशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मालूम असतं तरी नसतं देलं मीनं."

भूमिकाला राग येऊन तो कुठं ठेवावा ते कळेना. समोर बसलेल्या बाईनं काहीच वाईट केलं नव्हतं. गुडघे धरत नाल्यापलीकडून आणलेलं, स्वतः कधी न प्यालेलं पाणी तिनं एका परक्या माणसाला दिलं होतं. आणि ते पाणी बाटलीतून प्रयोगशाळेत गेलं होतं, प्रयोगशाळेतून आकडा होऊन पडद्यावर आलं होतं, आणि तिथून चहूबाजूंना हिरवं होऊन पसरलं होतं. हिरडीटोल्याच्या पलीकडं पांगरटोला म्हणून चार घरांची वस्ती आहे, गोंड लोकांची. तिथं मुन्नालाल गेलाच नव्हता. तीही त्या हिरव्यात आली होती.

परतताना तिनं बोरिंग हापसून एक बाटली भरून घेतली. सोमवारी सरांच्या टेबलावर ठेवली आणि गुंडीची सगळी गोष्ट सांगितली.

"सर, हे खरं पाणी."

सरांनी बाटलीला हात लावला नाही. "तुझ्या गावचा नमुना तू आणलेला चालत नाही, बेटा. पंचायतीचा शिक्का नाही, साक्षीदार नाही. लॅब घेणार नाही. आणि घेतलं तर उद्या कोणीही म्हणेल, पोरीनं आपल्या गावासाठी काहीतरी केलं."

पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचार केला, तपासणीचे आकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "हा ठिपका संशयित म्हणून बाजूला ठेवू. शेजाऱ्यांवरून काढू. कच्चा नकाशा पंचायतींना जातो हरकतींसाठी. तुमच्या गावानं एवढं लिहून दिलं की बाटली बोरिंगची नव्हती, तर माझं काम पक्कं. करतील ना?"

"काऊन नाही करतील, सर," ती म्हणाली. आनंदात तिच्या तोंडी घरची बोली आली.

तिनं ठिपका काढला. पडद्यावर डोळा मिटला. लाल रंग चहूबाजूंनी आत आला आणि हिरडीटोला, पांगरटोला त्यात बुडून गेले. लाल रंग बघून इतकं हलकं वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

कच्चा नकाशा पंचायतीत लागला आणि ग्रामसभा ठरली. भूमिका रजा टाकून गेली. जाताना तिला वाटत होतं, आपण समजावून सांगू, लोक मान हलवतील, सुशिलाबाई दोन शब्द बोलेल, सरपंच लिहून देतील. पंचायतीच्या खोलीत शिरली तर सगळं गाव भिंतीवरच्या नकाशाभोवती उभं होतं, आणि कुणी तिला बस म्हणालं नाही.

सरपंच उदाराम म्हणाला, "ये बाई. सांग आता, लाल काऊन केलं आमाले?"

तिनं सांगितलं. दात, हाडं, यंत्र, नळयोजना. लाल गावांनाच आधी पाणी भेटेल हे दोनदा सांगितलं.

"यंत्र?" उदाराम म्हणाला. "त्या खालच्या गावाले देलं ना यंत्र. एका सालात बंद. आता कोंबड्या बसून राहिल्या त्याच्यावर. यंत्र बंद पडते, बाई. बदनामी नाही पडत बंद."

"कसली बदनामी, काका?"

मागून केवलराम पुढं आला. नात्यानं तिचा चुलता. त्याच्या थोरलीची बोलणी बालाघाटकडं चालली होती. "तुले नाही समजणार. ते लोक हा नकाशा मोबाईलवर पाहतील का नाही? पाहतील. म्हणतील, हे त लालातलं गाव."

"काका, पोरीचे दात त्यांना दिसणारच ना? त्याले नकाशा कायले पाहिजे?"

"एका पोरीचे दात दिसले त ते तिचे दात," केवलराम म्हणाला. "गाव लाल झालं त समद्याच पोरी गेल्या. ज्यायचे दात चांगले हायेत त्याही गेल्या."

भूमिकानं भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं. सरांनी तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं तेच केवलराम सांगत होता. ठिपक्यापासून रंग कसा पसरतो, ते.

मागच्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, फार हळू नाही, "हिची सोयरीक जमली नाही, म्हणून आता कोणाचीच नाही जमू देत."

दोघीतिघी हसल्या. दुलीचंद पटले खिडकीशी उभे होते. त्यांनी बाहेर पाहिलं. कैलाश बापाशेजारी होता. त्याच्या कडेवर रुची होती, सभेत ती चालताना दिसू नये म्हणून उचलून आणलेली.

"ठीक हाये," भूमिका म्हणाली. "माझ्यावर विश्वास नका ठेवू. नमुना पुन्हा घेऊ. समद्यांसमोर."

उदाराम हसला. रागानं नाही, थकल्यासारखा. "घ्या ना. बाटलीवाला येऊ द्या. पाहुणा आला त आमी पाणी देऊच."

यावर सगळी खोली हसली. जे कालपर्यंत एका बाईच्या मायेनं झालं होतं ते आता गावाच्या एकमतानं होणार, हे त्या हसण्यातच भूमिकाला कळलं.

"आणि मागची बाटली गुंडीतली होती, हे कोण म्हणते?" उदारामनं विचारलं. "सुशिलाबाई, तुमीच सांगा. बाटली तुमी भरली. कोठलं पाणी होतं?"

सुशिलाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं आधी लेकीकडं पाहिलं. मग तिची नजर खोलीतून फिरत गेली, केवलरामच्या थोरलीवर, तिच्या मागं ओढणीचं टोक तोंडात धरून बसलेल्या पोरींवर, आणि कैलाशच्या कडेवरच्या रुचीवर येऊन थांबली. रुचीही एक दिवस लग्नाची होणार होती. भूमिकाला आईचा विचार चेहऱ्यावर चालताना दिसला, आणि तो कुठं पोचणार तेही दिसलं.

"बोरिंगचंच होतं," सुशिलाबाई म्हणाली.

हरकत रीतसर आली. गावाच्या सह्या, सरपंचाचा शिक्का, आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत जोडलेली. दुर्गाप्रसाद सरांनी ती वाचून भूमिकाच्या टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारची खुर्ची ओढून बसले. ते असे कधी बसत नसत.

"मापलेला आकडा आहे. गाव म्हणतं आकडा खरा आहे. माझ्याकडं काय आहे? शेजाऱ्यांची साक्ष. अंदाजानं माप खोडता येत नाही, भूमिका. कुठल्याच पद्धतीत नाही."

"मला माहीत आहे, सर."

"दुसऱ्या कोणाला करायला सांगू का?"

"नको. मीच करते."

तिनं ठिपका परत ठेवला. पद्धत चालवली. लालाच्या मधोमध हळूहळू डोळा उघडला, पिवळी पापणी, हिरवं बुबुळ. पांगरटोल्याची चार घरं पुन्हा त्याच्या आत गेली. त्यांच्याकडून हरकत आली नव्हती. नकाशात आपला रंग आधी काय होता आणि आता काय झाला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भूमिकानं नकाशा छपाईला पाठवला आणि डबा उघडून जेवली.

तिनं आणलेली बाटली खिडकीत आहे, फायलींच्या मागं. कुणी फेकली नाही. गंज खाली बसून वर पाणी निवळ झालं आहे, अगदी काचेसारखं. कुणालाही वाटेल की वाईट होतं ते तळाशी गेलं.

केवलरामच्या थोरलीचं लग्न बालाघाटकडं झालं नाही. मंडळी आली, पाणी पिऊन गेली.

धान कापून झाल्यावर भूमिका घरी गेली. मधे बरेच महिने गेली नव्हती. अंगणात शिरली तर सुशिलाबाई लगबगीनं आत गेली आणि पितळी झाकणाचा आवाज आला. ती लोटा घेऊन बाहेर आली, पदरानं बूड पुसत. आजवर या घरात भूमिका माठातलं, बोरिंगचंच पाणी प्याली होती.

"घे, पी. दूरून आलीस."

भूमिकानं लोटा घेतला. आईच्या डोळ्यांत त्या दिवसाबद्दल काही आहे का ते पाहिलं. होतं. पण ते बोलण्यासारखं नव्हतं, आणि सुशिलाबाईजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं.

रुची ओसरीवरून उतरून झुलत झुलत आली. पाय आणखी वाकले होते. एक हात भिंतीला लावून ती उभी राहिली.

"ये, तू पी," भूमिकानं लोटा तिच्यापुढं धरला. "गोड हाये."

रुचीनं दोन्ही हात पाठीमागं नेले, भिंतीला टेकली. "मी नाही पीत, आत्या. ते पाहुण्यांचं हाये."

"मी देऊन राहिली ना तुले."

"पण तू त पाहुणी हायेस," रुची म्हणाली. आत्याला एवढंही कळत नाही याचं तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचा हात आपसूक तोंडावर गेला.